लॅटिन शिकायला सुरुवात करताना: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी हाताशी घ्या

लॅटिनची बहुतेक पाठ्यपुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. त्यामुळे विभक्ती म्हणजे काय, क्रियापद वाक्याच्या शेवटी कसं काय येतं, टेबलाला आणि तलवारीला लिंग कशासाठी, हे समजावण्यातच त्यांची पहिली कित्येक पानं खर्ची पडतात. मराठी वाचकाला यातलं काहीच नवं नाही. पण मराठी माणूस ज्या तीन-चार जागी हमखास घसरतो, त्यांच्याबद्दल या पुस्तकांत अवाक्षर नसतं. पुस्तक इंग्रजी असलं तरी वाक्य आधी मराठीत उलगडा आणि इंग्रजीत न्यायचंच असेल तर मग न्या. बराच त्रास वाचतो.

आधी लेखनाबद्दल. इथे लॅटिन शब्द देवनागरीत, प्राचीन रोमच्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. तुम्हाला ‘सीझर’ म्हणून माहीत असलेलं नाव त्या काळी ‘काइसार’ होतं, आणि चर्चमधल्या लॅटिनमध्ये ते ‘चेसार’ होतं. गोव्यात किंवा वसईत चर्चचं लॅटिन ऐकलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. व्याकरण दोन्हीकडे एकच आहे. शब्दाच्या शेवटचा स्वर लांबवायचा असेल तिथे ऽ हे चिन्ह दिलं आहे.

इंग्रजीपेक्षा वेगळं काय

‘कानिस होमिनेम मोर्देत’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. शब्द उलटे करा, ‘होमिनेम कानिस मोर्देत’, तरी चावतो कुत्राच. मराठीतही तसंच आहे: ‘माणसाला कुत्रा चावतो’. कोण कर्ता आणि कोण कर्म हे शब्दाचं शेपूट सांगतं. जागा बदलली की फक्त भर बदलतो. इंग्रजीत दोन नामांची अदलाबदल केली की माणूसच कुत्र्याला चावायला लागतो, कारण तिथे कर्ता आणि कर्म ओळखायची खूण म्हणजे जागा.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला चार विभक्ती आणि तीन लिंगं होती. पण शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर द्यायची सवय असल्याने शेवटचे स्वर पुसट होत गेले, आणि उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांशी रोजचा व्यवहार सुरू झाल्यावर प्रत्ययांची पडझड तिथे आधी दिसू लागली. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन सत्तेवर आले आणि दरबार व कचेऱ्यांतून इंग्रजी मागे पडली, तेव्हा जुनं लेखी वळण राखणारंही फारसं कुणी उरलं नाही. आज ‘ही’ आणि ‘हिम’, ‘हू’ आणि ‘हूम’ अशी सर्वनामांची थोडी रूपं आणि षष्ठीचा ‘स’ एवढंच शिल्लक आहे.

आकड्यांत सांगायचं तर इंग्रजीच्या साध्या क्रियापदाला चार-पाच रूपं असतात, लॅटिनच्या क्रियापदाला शंभराहून जास्त. घाबरून जायचं कारण नाही, कारण ती सगळी मोजक्या तुकड्यांची जुळणी आहे. शाळेत संस्कृतचे धातू चालवलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

पायरी १: शब्दकोशातल्या नोंदीचा दुसरा शब्द सोडू नका

लॅटिन शब्दकोश नामाची दोन रूपं देतो, प्रथमा आणि षष्ठी: ‘रेक्स, रेगिस’ म्हणजे राजा, राजाचा. नवशिके फक्त पहिलं रूप पाठ करतात आणि तिथेच अडकतात. प्रत्यय लागतात ते षष्ठीतून मिळणाऱ्या अंगाला. ‘रेगिस’मधला ‘इस’ काढला की ‘रेग्’ हे अंग हाती येतं, आणि मग ‘रेगेम’ म्हणजे राजाला. ‘नोक्स, नोक्तिस’ म्हणजे रात्र, ‘होमो, होमिनिस’ म्हणजे माणूस. आपलं सामान्यरूप असंच चालतं. ‘पाणी’ला ‘ला’ लावताना आपण ‘पाण्याला’ म्हणतो, ‘सासू’चं ‘सासवेला’ होतं. मूळ शब्द माहीत असून भागत नाही, प्रत्ययाआधीचं रूप माहीत असावं लागतं. इंग्रजीतले ‘रीगल’ आणि ‘नॉक्टर्नल’ हे शब्द याच अंगांवरून आले आहेत, त्यामुळे अंग आठवत नसेल तर अशा शब्दांचा आधार घेता येतो.

क्रियापदाच्या नोंदीत चार रूपं असतात: ‘आमो, आमारे, आमावी, आमातुम’. मी प्रेम करतो, प्रेम करणे, मी प्रेम केलं, आणि शेवटचं भूतकाळवाचक धातुसाधिताच्या अंगासाठी. चारही एकदमच पाठ करा. तिसरं रूप नंतर शोधत बसलात तर प्रत्येक भूतकाळी वाक्यापाशी थांबावं लागेल.

पायरी २: दोन तक्ते, त्यापेक्षा जास्त नको

नामांचे एकूण पाच गट आहेत. सुरुवातीला फक्त पहिले दोन घ्या. पहिल्या गटातलं ‘पुएल्ला’, म्हणजे मुलगी (आधी एकवचन, मग अनेकवचन):

प्रथमा: पुएल्ला, पुएल्लाय
द्वितीया: पुएल्लाम, पुएल्लास
चतुर्थी: पुएल्लाय, पुएल्लीस
षष्ठी: पुएल्लाय, पुएल्लारुम
अॅब्लेटिव्ह: पुएल्लाऽ, पुएल्लीस

दुसऱ्या गटातलं ‘सेर्वुस’, म्हणजे गुलाम, याच क्रमाने: सेर्वुस, सेर्वी, सेर्वुम, सेर्वोस, सेर्वोऽ, सेर्वीस, सेर्वी, सेर्वोरुम, सेर्वोऽ, सेर्वीस.

संबोधन बहुधा प्रथमेसारखंच असतं. दुसऱ्या गटातल्या ‘उस’ शेवट असलेल्या शब्दांत ते बदलतं, म्हणून ‘ब्रूतुस’ला हाक मारताना ‘ब्रूते’ होतं.

अॅब्लेटिव्ह ही लॅटिनची खास विभक्ती. संस्कृतच्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिन्हींची कामं तिच्याकडे आली आहेत: तलवारीने, रोमहून, शहरात. लॅटिनची घडी बसण्याआधीच तीन रूपं मिसळून एक झाली होती, आणि द्विवचनही ‘दुओ’ (दोन), ‘आम्बो’ (दोघे) अशा शब्दांपुरतं उरलं होतं. म्हणजे आपण जिला अवघड म्हणतो ती अभिजात लॅटिनसुद्धा तिच्या पूर्वजांपेक्षा सोपी झालेली आहे. जुन्या सप्तमीचे मोजके अवशेष मात्र राहिले. ‘दोमी’ म्हणजे घरी, ‘रूरी’ म्हणजे खेड्यात. आपले ‘घरी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ हे शब्दही असेच टिकून राहिले आहेत.

क्रियापदाच्या वर्तमानकाळाचे सहा शेवट: आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमान्त. तृतीय पुरुषातला ‘त’ आणि ‘न्त’ संस्कृतच्या ‘ति’ आणि ‘न्ति’शेजारी ठेवून पाहा. ‘एस्त’ आणि ‘अस्ति’, ‘सुन्त’ आणि ‘सन्ति’. या नात्याकडे इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात लक्ष वेधलं होतं. संस्कृत थोडीफार येत असेल तर हे शेवट तुमचे जवळजवळ पाठच आहेत.

पायरी ३: वाक्य डावीकडून उजवीकडे वाचून अर्थ लावू नका

सुरुवातीला ही शिस्त कडकपणे पाळावी लागते. आधी क्रियापद शोधा, ते बहुधा शेवटी असतं. त्याच्या शेपटावरून पुरुष आणि वचन ठरवा. मग त्या वचनाशी जुळणारी प्रथमा शोधा. ती नसेल तर कर्ता क्रियापदातच आहे असं समजा, कारण लॅटिन सर्वनाम सहसा गाळते, आपण ‘येतो हं’ म्हणताना ‘मी’ गाळतो तशी. मग द्वितीया, आणि सगळ्यात शेवटी उरलेली नामं.

एक वाक्य घेऊ: ‘रेगीनाम नाउताय आमान्त’. ‘रेगीना’ म्हणजे राणी, ‘नाउता’ म्हणजे नाविक. क्रियापदाच्या शेवटी ‘न्त’ आहे, म्हणजे कर्ता अनेकवचनी. ‘रेगीनाम’ उघडच द्वितीया. ‘नाउताय’ हे रूप एकवचनी षष्ठी, एकवचनी चतुर्थी किंवा अनेकवचनी प्रथमा यांपैकी काहीही असू शकतं, पण इथे अनेकवचनी कर्ता हवाय, म्हणून प्रथमा. अर्थ: नाविक राणीवर प्रेम करतात.

आता क्रियापदातला फक्त ‘न’ काढा: ‘रेगीनाम नाउताय आमात’. कर्ता एकवचनी झाला, त्यामुळे ‘नाउताय’ प्रथमा असू शकत नाही. प्रथमेत दुसरं कुणीच नाही, म्हणजे कर्ता क्रियापदातला ‘तो’ किंवा ‘ती’. उरली षष्ठी: तो नाविकाच्या राणीवर प्रेम करतो. एका ‘न’ने नाविक कर्तेपदावरून उतरला. डावीकडून उजवीकडे ‘राणी, नाविक, प्रेम’ असं वाचत गेलेल्याला दोन्ही वाक्यं सारखीच दिसतील.

मराठी कुठे फसवते

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ‘ला’. ‘मुलीला पाहतो’ आणि ‘मुलीला गुलाब देतो’, दोन्हीकडे आपण ‘मुलीला’च म्हणतो. लॅटिनमध्ये पाहण्याचं कर्म द्वितीयेत, ‘पुएल्लाम’, आणि जिला द्यायचं ती चतुर्थीत, ‘पुएल्लाय’. मराठीतून लॅटिनमध्ये जाताना प्रत्येक ‘ला’पाशी थांबून विचारा: क्रिया हिच्यावर होते आहे, की काही हिच्याकडे जातं आहे?

उलट बाजूने, निर्जीव कर्माला आपण बहुधा प्रत्ययच लावत नाही. ‘मुलगी गुलाब पाहते’ यातला गुलाब अगदी प्रथमेसारखा दिसतो. लॅटिनमध्ये त्याला द्वितीया चुकत नाही: ‘पुएल्ला रोसाम विदेत’. नपुंसकलिंगी नामांत मात्र प्रथमा आणि द्वितीया नेहमी सारखीच असते. ‘बेल्लुम’, म्हणजे युद्ध, कर्ता आहे की कर्म हे बाकीच्या वाक्यावरूनच ठरवावं लागतं.

भूतकाळात ‘ने’ घात करतो. ‘मुलीने गुलाब पाहिला’ हे आपल्या सवयीने लॅटिनमध्ये नेलं तर मुलगी अॅब्लेटिव्हमध्ये जाते आणि क्रियापद गुलाबाशी जुळतं. लॅटिनमध्ये कर्तरी वाक्य काळ बदलला तरी कर्तरीच राहतं: ‘पुएल्ला रोसाम वीदित’. कर्ता प्रथमेत, क्रियापद कर्त्याप्रमाणे. आपल्या ‘ने’च्या वाक्याशी लॅटिनचं कर्मणी वाक्य जुळतं: ‘रोसा आ पुएल्लाऽ वीसा एस्त’, गुलाब मुलीकडून पाहिला गेला. त्यातला ‘आ’ लक्षात ठेवा. कर्ता माणूस असेल तर तो लागतो, तलवारीसारखं साधन असेल तर लागत नाही.

लिंगं जशीच्या तशी जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका. गुलाब मराठीत पुल्लिंगी, ‘रोसा’ स्त्रीलिंगी. ‘आग्रिकोला’ (शेतकरी) आणि ‘नाउता’ यांचा तक्ता ‘पुएल्ला’चाच, पण लिंग पुल्लिंग. म्हणून चांगला शेतकरी ‘बोनुस आग्रिकोला’ होतो, ‘बोना’ नाही. विशेषण नामाच्या लिंगाशी जुळतं, नामाच्या शेपटाशी नाही.

याची रोजची उदाहरणं वनस्पती आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांत आहेत. ‘भारतातला’ या अर्थाचं एकच विशेषण बघा: भारतीय हत्ती एलेफास माक्सिमुस इंदिकुस (पुल्लिंग), आंबा मांगिफेरा इंदिका (स्त्रीलिंग), तीळ सेसामुम इंदिकुम (नपुंसक). मग चिंच तामारिंदुस इंदिका कशी? शेवट ‘उस’ असूनही ‘इंदिका’ का? कारण लॅटिनमध्ये झाडांची नावं परंपरेने स्त्रीलिंगी असतात. पिंपळाचं फिकुस रेलिगिओसा हे नाव त्याच कारणाने. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीचं नाव सेरोपेजिया सह्याद्रिका आहे. तिथे आपल्या डोंगराच्या नावाला लॅटिन स्त्रीलिंगी प्रत्यय लागला आहे. जातीच्या नावाच्या शेवटी ‘ई’ आला आणि तो पुरुषाच्या नावाला लागला असेल तर ती षष्ठी, म्हणजे ‘अमक्याची’. बाईच्या नावाला ‘आय’ लागतो.

फसवणारी जागा दाखवली, तशी मदत करणारीही दाखवायला हवी. ‘मला पुस्तक आवडतं’ हे ‘लिबेर मिही प्लाकेत’ असं शब्दाला शब्द लावून होतं. ‘मला भाऊ आहे’ म्हणजे ‘मिही फ्रातेर एस्त’. इंग्रजी बोलणारे इथे बराच काळ अडखळतात, कारण त्यांच्याकडे ‘मी’ आवडून घेतो आणि ‘मी’च भाऊ बाळगतो. ‘आणि’साठी शब्दाच्या शेवटी चिकटणारा ‘क्वे’ हा संस्कृतच्या ‘च’सारखाच: ‘सेनातुस पोपुलुस्क्वे रोमानुस’, सेनेट आणि रोमची जनता. रोमच्या शिलालेखांवर दिसणारी एस.पी.क्यू.आर. ही चार अक्षरं म्हणजे याच शब्दांचं लघुरूप.

प्रत्यय गेले कुठे

लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, रुमानियन झाल्या, आणि यांपैकी रुमानियन सोडली तर नामांच्या विभक्ती कुठेच उरल्या नाहीत. हे कसं झालं ते समजलं तर लॅटिनचा तक्ताही पक्का होतो.

सुरुवात उच्चारातून झाली. शेवटचा ‘म’ अभिजात काळातच क्षीण होता. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर लोकांनी खरडलेल्या मजकुरात तो बऱ्याचदा गाळलेला दिसतो. पुढे ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही गेला. वरच्या तक्त्यात ‘पुएल्लाम’चा ‘म’ खोडा आणि ‘पुएल्लाऽ’चं लांबवणं काढा. प्रथमा, द्वितीया आणि अॅब्लेटिव्ह, तिन्ही एकच झाले. मग ‘चा’साठी ‘दे’ आणि ‘ला’साठी ‘आद’ ही शब्दयोगी अव्ययं नामाआधी जास्त जास्त लागू लागली, आणि कर्त्याची जागा क्रियापदाआधी पक्की होत गेली. अव्ययं वाढली म्हणून प्रत्यय निरुपयोगी झाले, की प्रत्यय गेले म्हणून अव्ययं वाढली, असं एकच उत्तर देता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना ढकलत गेल्या.

‘अपेन्डिक्स प्रोबी’ या नावाने ओळखली जाणारी २२७ दुरुस्त्यांची एक जुनी यादी आहे. तिच्या कर्त्याचं नाव ठाऊक नाही. ‘नुम्क्वाम’ म्हणा, ‘नुम्क्वा’ नको. ‘आउरिस’ म्हणा, ‘ओरिक्ला’ नको. लोक प्रत्यक्षात काय बोलत होते हे या यादीवरून नेमकं कळतं, आणि टिकलं ते लोकांचंच बोलणं. कानाला इटालियनमध्ये ‘ओरेक्किओ’, स्पॅनिशमध्ये ‘ओरेखा’ म्हणतात. दोन्ही त्याच नको असलेल्या ‘ओरिक्ला’पासून आले.

लॅटिनवरून या भाषांतला शब्द ओळखायचा असेल तर प्रथमा घेऊ नका, द्वितीया घ्या आणि ‘म’ काढा. ‘नोक्स’वरून काही कळत नाही, ‘नोक्तेम’वरून इटालियन ‘नोत्ते’, स्पॅनिश ‘नोचे’, पोर्तुगीज ‘नोइते’, फ्रेंच ‘न्वी’ सगळे दिसतात. ‘क्त’चं काय होतं हे एकदा टिपून ठेवलं की ‘ओक्तो’ म्हणजे आठ याचे ‘ओत्तो’, ‘ओचो’, ‘ओइतो’, ‘व्हीत’ आपोआप जुळतात. ‘सेप्तेम’चा इटालियन ‘सेत्ते’ होतो. प्राकृतात ‘सप्त’चा ‘सत्त’ झाला आणि मराठीत ‘सात’. जोडाक्षर सैल करायची तऱ्हा दोन्हीकडे अगदी सारखी आहे.

पण भाषा सरसकट सोपी होते असं मानलंत तर पुढे गोंधळ होईल. लॅटिनला इंग्रजी ‘द’सारखं उपपद नव्हतं. या भाषांनी ‘इल्ले’ म्हणजे ‘तो’ या शब्दापासून उपपदं तयार केली: इल, एल, ल, ला. भविष्यकाळ नव्याने घडवावा लागला, कारण ‘आमाबित’ (प्रेम करील) आणि ‘आमावित’ (प्रेम केलं) यांतले ‘ब’ आणि ‘व’ बोलण्यात सारखे झाले आणि दोन काळ एकमेकांत मिसळले. मग ‘कान्तारे हाबेओ’, साधारण ‘मला गायचं आहे’, हे दोन शब्द चिकटून इटालियन ‘कान्तेरो’ आणि स्पॅनिश ‘कान्तारे’ झाले, आणि क्रियापदाला पुन्हा नवे प्रत्यय आले. संस्कृतचे भूतकाळ लोप पावल्यावर ‘बालिकया पुष्पं दृष्टम्’ या धातुसाधिताच्या वळणातून आपलं ‘मुलीने फूल पाहिलं’ आलं. म्हणजे ज्या ‘ने’ने वर घात केला, तोसुद्धा एका सोपेपणाचाच परिणाम आहे.

पुढचा क्रम आणि सराव

आधी वरचे दोन तक्ते आणि सहा शेवट, रोज पंधरा-वीस मिनिटं, मोठ्याने म्हणून आणि मग न बघता लिहून. त्यानंतर अपूर्ण भूतकाळ (आमाबाम, म्हणजे मी प्रेम करत असे) आणि पूर्ण भूतकाळ (आमावी). तिसऱ्या गटातली नामं त्यानंतरच घ्या. त्यात ‘रेक्स’सारखे अंग बदलणारे शब्द असतात, आणि पहिली पायरी पक्की नसेल तर तो गट नकोसा होतो.

खालच्या चार वाक्यांवर पायरी ३ वापरून पाहा.

१. सेर्वी रेगीनाम विदेन्त.
२. नाउताय पुएल्ला रोसाम दात. (‘दात’ म्हणजे देतो किंवा देते)
३. मिही फ्रातेर नोन एस्त. (नोन: नाही)
४. सेर्वुस इन उर्बे हाबितात, रेगीना इन उर्बेम प्रोपेरात. (उर्ब्स: शहर, त्याचं अॅब्लेटिव्ह उर्बे, द्वितीया उर्बेम; हाबितात: राहतो, प्रोपेरात: घाईने जाते)

उत्तरं. पहिलं: गुलाम राणीला पाहतात. ‘सेर्वी’ षष्ठीही असू शकते, पण ‘न्त’मुळे प्रथमा. दुसरं: मुलगी नाविकाला गुलाब देते. कर्ता मध्ये आहे, आणि ‘नाउताय’ चतुर्थी, कारण देण्याला घेणारा लागतो. तिसरं: मला भाऊ नाही. चौथं: गुलाम शहरात राहतो, राणी घाईने शहराकडे जाते. ‘इन’नंतर अॅब्लेटिव्ह असेल तर ‘आत’, द्वितीया असेल तर ‘कडे, आत जाताना’. हा फरक फक्त ‘उर्बे’ आणि ‘उर्बेम’ यांतल्या ‘म’वर टिकून आहे, म्हणून बोलताना ‘म’ गिळू नका.